एकटीने नको गं

काल तू ओट्यावर येऊन बसलीस, चहा निवून गेला तरी कप उचलला नाहीस, तेव्हाच मला कळलं. "मामाजी कसे आहेत?" विचारलं तर "आहेत" म्हणालीस. एवढंच. मग धुकं उतरलं, समोरचा रस्ता दिसेना, आणि तू उठून गेलीस. रात्रभर तुझं ते "आहेत" कानात होतं. म्हणून लिहून पाठवते. फोन केला असता तर मधेच "हो गं ताई, बघते" म्हणून तू ठेवून दिला असतास. माहीत आहे मला, मीही तेच करायची.

तुझ्या सासऱ्यांना, मामाजींना, आहे तोच कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स, आमच्या सासूबाईंना अकरा वर्षं होता. पहिली सात वर्षं गोळीवर बरी गेली. हात थरथरायचा, चाल हळू झाली होती, पण देवपूजा, भाजी निवडणं, नातवाला रागावणं सगळं चालू होतं. शेवटची चार वर्षं वेगळी. आणि त्या चारांतली पहिली दोन मी एकटीने काढली, हीच माझी चूक. लोक म्हणायचे, "काय सेवा करते सून!" ते ऐकायला गोड लागतं गं. त्या गोडीपायी मी कोणाला हात लावू दिला नाही. माझी कंबर गेली, झोप गेली, आणि एक दिवस मी त्यांच्यावर जोरात ओरडले. त्या नुसत्या बघत राहिल्या. चेहऱ्यावर काही नाही. मला वाटलं, किती आडमुठेपणा! पुढे डॉक्टरांनी सांगितलं की या आजारात चेहऱ्याचे स्नायूच हलत नाहीत. माणूस आतून रडत असतो आणि बाहेर दगड दिसतो. मामाजी हसत नाहीत, बोलत नाहीत म्हणून तू मनाला लावून घेतेस ना? ते रुसलेले नाहीत. त्यांचा आवाजही त्याच कारणाने खोल गेला आहे.

आता मुद्द्याचं. तुझ्या नवऱ्याने परवा सांगितलं की डॉक्टर "पॅलिएटिव्ह केअर" म्हणाले, आणि घरात सगळे गप्प झाले. आमच्याकडेही तसंच झालं होतं. दीर म्हणाले, "म्हणजे आता हात टेकले का?" नाही गं. औषधं बंद करणं म्हणजे पॅलिएटिव्ह नव्हे. कंपवाताची गोळी चालूच राहते. तिच्याशिवाय तर माणूस लाकूड होतो, आणि ती एकदम बंद करणं जिवावरचं असतं. फक्त त्या जोडीला दुखणं, बद्धकोष्ठता, गिळण्याचा त्रास, झोप, भास, भीती, घरच्यांची ओढाताण, पैशांची तोंडमिळवणी या सगळ्याकडे एकेक जाणतं माणूस बघतं. न्यूरॉलॉजिस्ट दोन-तीन महिन्यांतून एकदा दहा-पंधरा मिनिटं भेटतो. तेवढ्या वेळात तो हात वाकवून बघेल की तुझी झोप विचारेल?

याचा रीतसर अभ्यास झाला आहे. २०२० साली 'जामा न्यूरॉलॉजी'त छापून आला. अमेरिका-कॅनडातली तीन केंद्रं, २१० रुग्ण, त्यांना सांभाळणारी १७५ माणसं. निम्म्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांना त्याच्या जोडीला एक टीम: न्यूरॉलॉजिस्ट, नर्स, सोशल वर्कर, मनाला धीर देणारा धर्मोपदेशक, आणि सल्ल्याला पॅलिएटिव्हचा डॉक्टर. सहा महिन्यांत टीमवाल्या रुग्णांचं जगणं दुसऱ्यांपेक्षा सुसह्य झालेलं दिसलं. सांभाळणाऱ्यांचा भार मात्र सहा महिन्यांत फारसा हलला नाही. वर्षाच्या शेवटी हलका झालेला दिसला. मला तर हे दुसरं जास्त खरं वाटतं. आपल्या खांद्यावरचं ओझं आपण लवकर कुठे सोडतो?

तू म्हणशील, ताई, ते कॅनडा, आणि हे चिखलदरा. न्यूरॉलॉजिस्ट अमरावतीला, म्हणजे ८०-८५ किलोमीटर, तेही घाट उतरून. पावसाळ्यात दरड आली की तेही नाही. खरं आहे. पण टीम म्हणजे पांढऱ्या कोटातली पाच माणसं एका ओळीत उभी, असं नसतं. केरळात १९९३ साली कोझिकोडला काही डॉक्टरांनी हे काम सुरू केलं. पुढे तिथे गल्लीतली माणसं शिकली, घरोघर जाऊ लागली. शिक्षक, रिक्षावाले, घरच्या बायका. नर्स अधूनमधून येते, शेजारी डोकावतो. आपल्याकडे ते जमेल इतपतच जमतं, पण जमतं.

आमची टीम सांगते. अमरावतीचे न्यूरॉलॉजिस्ट, तीन महिन्यांतून एकदा प्रत्यक्ष, मधे फोनवर. इथल्या ग्रामीण रुग्णालयाच्या डॉक्टरीणबाई, ताप-खोकला-लघवीसाठी. आशाताई, ज्या येता-जाता बीपी बघायच्या, झोपून एकदा आणि उभं करून एकदा, कारण या आजारात उभं राहिलं की बीपी खाली येतं आणि माणूस पडतो. परतवाड्याचे फिजिओथेरपिस्ट एकदाच घरी आले, पण तासभर बसून मला नि माझ्या मुलाला उठवायचं-बसवायचं शिकवून गेले. औषधांच्या दुकानातला पोरगा, जो गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी फोन करायचा. शेजारच्या कोरकू मावशी, दुपारी दोन तास नुसत्या जवळ बसायच्या. त्यांची मराठी आणि सासूबाईंचं पुटपुटणं, दोघींना एकमेकींचं सगळं कळायचं. आणि भजनी मंडळातले एक आजोबा, गुरुवारी टाळ घेऊन यायचे. डॉक्टरांच्या यादीत त्यांना धर्मोपदेशक म्हणतात, आपण बुवा म्हणतो.

ही माणसं आपोआप जमत नाहीत. मागावी लागतात. "मला मदत हवी" हे तीन शब्द मला सगळ्यांत अवघड गेले. आणि मोघम मागू नकोस. "कधी येत जा" म्हटलं तर कोणी येत नाही. "मंगळवारी चार ते पाच बसशील का?" म्हटलं की येतात.

आता एक वही कर. साधी, शंभर पानी. पहिल्या पानावर गोळ्यांच्या वेळा. लेव्होडोपाची, म्हणजे कंपवाताची ती गोळी घड्याळावर चालते, आपल्या सोयीवर नाही. सासूबाईंना सकाळी सातची गोळी आठला दिली तर अख्खी सकाळ खाटेवर जायची. गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी, नाहीतर जेवून तासाभराने. कारण वरण, दूध, अंडी यांतली प्रथिनं त्या गोळीच्या वाटेत आडवी येतात. मी प्रेमाने सकाळी गोळीबरोबर पेलाभर दूध द्यायची, आणि म्हणायची, औषध लागूच पडत नाही! दूधच ते लागू पडू देत नव्हतं. मग डॉक्टरांना विचारून आम्ही दिवसा भाकर-भाजी, भात-कढीचं पाणी असं हलकं ठेवलं आणि वरण, दूध रात्रीवर नेलं. दुपारची दोन-अडीच तासांची मोकळी चाल परत आली. हे बंद करायचं नसतं हं, फक्त वेळ बदलायची. प्रथिनं काढूनच टाकली तर माणूस वाळतो.

वहीत रोज तीन रकाने: गोळी किती वाजता, अंग किती वाजता मोकळं झालं, किती वाजता परत आखडलं. पुढच्या भेटीत डॉक्टरांपुढे ते पान ठेव. "तब्येत बरी नाही" यापेक्षा त्यांना त्यातून जास्त कळतं.

आणि वहीच्या शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरात लिही: कोणती औषधं द्यायची नाहीत. हे का सांगते ते ऐक. सासूबाईंना लघवीचं इन्फेक्शन झालं म्हणून एका मोठ्या गावातल्या दवाखान्यात दाखल केलं. नाव घेत नाही, ते उपकारही विसरले नाही. पण तिथे गोळ्या वॉर्डाच्या वेळेवर, आठ-दोन-आठ. रात्री उलट्या झाल्या तर उलटीचं इंजेक्शन दिलं. सकाळी त्या अशा ताठल्या होत्या की मान उशीवरून वर राहिलेली, तोंड उघडेना. मेटोक्लोप्रमाइड नावाचं साधं, रोजच्या वापरातलं औषध. पण कंपवातात ते उलटं काम करतं. भ्रम झाला म्हणून देतात ते हॅलोपेरिडॉलही तसंच. त्याऐवजी दुसरी औषधं असतात, उलटीला डॉम्पेरिडोन, आणखी काही. ती डॉक्टर ठरवतील. पण रात्री दोन वाजता ड्युटीवरच्या पोराला ते आठवेलच असं नाही. माझीही चूक होती, मी कागद नेला नव्हता. तेव्हापासून ते पान मी फोटो काढून मोबाइलमध्येही ठेवलं होतं.

अजून एक, जंगलातलं. तुला कोणीतरी खाजकुयलीच्या बियांची पूड आणून देईल. "झाडपाला आहे, काही होत नाही." त्या बियांत खरोखरच लेव्होडोपा असतं, आपल्याच देशातल्या संशोधकांनी १९३७ मध्ये ते वेगळं काढलं होतं. म्हणूनच तर भीती. गोळी चालू असताना वरून ती पूड म्हणजे मोजमाप नसलेली दुसरी गोळी. हातपाय वेडेवाकडे हलायला लागतात, भास वाढतात. द्यायचीच असेल तर न्यूरॉलॉजिस्टला सांगून.

चालण्याचं सांगू? तुझ्या घराचे उंबरठे उंच आहेत. मामाजी तिथेच थबकत असतील, पाय जमिनीला चिकटल्यासारखे. तेव्हा ओढू नकोस. ओढलं की वरचं अंग पुढे येतं, पाय मागे राहतात, आणि मग दोघं पडता. थांबायचं, श्वास घ्यायचा, "एक-दोन, एक-दोन" म्हणायचं, नाहीतर समोर काहीतरी ओलांडायला द्यायचं. फिजिओवाल्यांनी सांगितलं, जमिनीवर आडव्या रेघा काढा, रेघ दिसली की पाय उचलतो. मी हौसेने रांगोळीच्या रेघा काढल्या. सासूबाई उंबऱ्याशी ताठ उभ्या. "रांगोयीवर पाय देऊ का व माय?" म्हणाल्या. चार दिवसांत तोंडातून निघालेलं ते पहिलं अख्खं वाक्य! मग विजेच्या कामाची लाल टेप आणून चिकटवली. ती त्यांनी बिनदिक्कत तुडवली. आणि वळताना जागच्या जागी फिरवायचं नाही, बैलगाडी वळते तसं मोठं वळण घ्यायचं.

खाणं. हे सगळ्यांत जपायचं, कारण या आजारात माणूस बहुतेकदा कंपाने जात नाही. घास श्वासनलिकेत जातो, छातीत कफ धरतो, न्यूमोनिया होतो. मामाजींना पाणी पिताना ठसका लागतो म्हणालीस. पातळ पाणीच सगळ्यांत अवघड असतं, ते घशात पटकन घसरतं. ज्वारीची आंबील, दाटसर ताक आमच्याकडे पाण्यापेक्षा सोपं गेलं. पण किती दाट ते गिळण्याच्या तज्ज्ञाकडून, स्पीच थेरपिस्टकडून, एकदा बघून घे. ताठ बसवायचं, हनुवटी थोडी छातीकडे, लहान चमचा, पहिला घास खाली गेल्याशिवाय दुसरा नाही, टीव्ही बंद. जेवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. आणि अंग मोकळं असतानाच जेवण, म्हणजे परत ती वही.

भास होतात का गं? तू बोलली नाहीस, पण तुझ्या मुलीने सांगितलं की आजोबा खिडकीतल्या पोरांशी बोलतात. सासूबाईंनाही धुक्यात माणसं दिसायची. "तिथे कोणी नाही" म्हणून वाद घालू नकोस. "दिवा लावते, मग बघू" म्हण, लाव दिवा. पण एकाएकी वाढले तर लघवी, ताप, पोट साफ झालं का, नवीन गोळी सुरू झाली का, हे आधी बघ आणि डॉक्टरांना कळव.

मदतीची दारं गावाबाहेरही आहेत. मुंबईत डॉ. बी. एस. सिंघल यांनी २००१ मध्ये सुरू केलेली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आहे. व्यायाम, बोलणं, मन या सगळ्यावर एकत्र काम करणारी. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथली पेशंट मंडळी सहलीला जातात, नाचाचे वर्ग करतात. आपण लांब आहोत, पण फोन लांब नाही. मराठीत बोलतात, आणि मुख्य म्हणजे तुला काही समजावून सांगावं लागत नाही, "थबकतात" एवढं म्हटलं की पुढचं त्यांना माहीत असतं. सरकारी ई-संजीवनीवर फुकट डॉक्टर भेटतात, आरोग्य केंद्रातून लावून देतात. रेंज मिळाली तर. अपंगत्वाच्या २०१६ च्या कायद्यात पार्किन्सन्स नावानिशी आहे. मामाजींचं दिव्यांग प्रमाणपत्र काढून घे. जिल्हा रुग्णालयात जाशील तेव्हाच पॅलिएटिव्हची ओपीडी कुठल्या वारी असते तेही विचार.

आता ते एक बोलणं, जे तू टाळते आहेस. मामाजींना विचार. आवाज आहे तोवर, समज आहे तोवर विचार. गिळता येईनासं झालं तर नाकातली नळी हवी का? पुन्हा पुन्हा अमरावतीला, आयसीयूत न्यायचं, की घरी? आम्ही विचारलं नव्हतं. तिन्ही मुलं हॉस्पिटलच्या जिन्यात भांडली, आणि जिच्याबद्दल भांडत होती ती आत एकटी होती. लेखीही करता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये परवानगी दिली, आणि २०२३ मध्ये ते सोपं केलं: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे सही. पण कागद नंतर. आधी संध्याकाळी, गोळी चढलेली असताना, त्यांच्या खाटेजवळ बसून विचार. घाई करू नकोस, उत्तर यायला मिनिट लागतं या आजारात. ते मिनिट गप्प बस. आम्ही सगळे त्या एका मिनिटात दुसरं काहीतरी बोलायला लागतो.

आपल्या गावाला भीमाची फार हौस. त्याने एकट्याने कीचकाला लोळवला, दरीत टाकला, भीमकुंडात हात धुतले. पर्यटकांना आपण हेच सांगतो. पण कीचकाला नृत्यशाळेत बोलावून घेतलं होतं ते द्रौपदीने, हे कोणी सांगत नाही.

रात्री फार कोंडल्यासारखं झालं तर १४४१६ लाव, टेली-मानस, मराठीत बोलतात, कुठल्याही वेळी. मला लाव, ते तर आहेच.

वही मी उद्या पाठवते, पहिली दोन पानं आखून. रविवारी दुपारी दोन ते पाच मी मामाजींजवळ बसते. दोनची गोळी मी देईन. तू आतल्या खोलीत जाऊन झोप, नाहीतर देवी पॉइंटपर्यंत फिरून ये. फक्त त्या वेळात घरातलं काम काढून बसू नकोस.